कबुतराचा डोळा, मेडिकलची गोळी आणि तालुक्याचा दवाखाना

मंडळी, खड्डे, पीकविमा, नळाचं पाणी हे विषय आपण रोजच चघळतो. आज कबुतरांवर लिहायलोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. विषय कबुतरांपासून सुरू होतोय खरा, पण तो आपल्या घरातल्या माणसांच्या छातीपर्यंत जातोय.

बिलोलीत कबुतरं पाळणारे कमी नाहीत. जुन्या माळवदावर, पत्र्यावर, नव्या स्लॅबवर जाळी मारलेल्या ढाबळी दिसतात. कुणी ढाबळ म्हणतं, कुणी काबूक. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आजही बोधन आपल्याला नांदेडपेक्षा जवळ. सोयरीक तिकडं, बाजार तिकडं आणि कबुतरांची देवाणघेवाणही तिकडं. नाद करणारे कोण? गॅरेजवाला पोरगा, ऑटोवाला, आयटीआय करणारा, एखादा रिटायर गुरुजी. लाखोपती कुणी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात दोन पंथ आहेत. एक गिरेबाज आणि हायफ्लायरवाल्यांचा. पक्षी घरावरच उंच जातो आणि किती तास उतरत नाही, यावर पैज. दुसरा पंथ होमरवाल्यांचा. पक्षी टोपलीत घालून लांब न्यायचा, सोडायचा आणि तो घरी कधी पोचतो ते बघायचं. आधी देगलूरहून सोडतात, मग उदगीरहून, मग त्याहून लांबून. चांगला होमर तासाला साठ-सत्तर किलोमीटरनं घर गाठतो. चेन्नई, बेंगळुरू, कोलकात्यात याचे मोठे क्लब आहेत. तिकडं बेल्जियममध्ये तर नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू किम नावाची एक मादी १६ लाख युरोला विकली गेली. आपल्या पैशात चौदा कोटींच्या आसपास. आणि हा नुसता नाद नव्हता बरं का. ओडिशाच्या पोलिसांनी १९४६ मध्ये लष्कराकडून कबुतरं घेऊन निरोप पोचवणारी सेवा सुरू केली. १९८२ च्या महापुरात आणि १९९९ च्या चक्रीवादळात वायरलेस बंद पडल्यावर याच पाखरांनी कामं केली.

माझ्या पुतण्याकडं छत्तीस होमर आहेत. म्हणजे होते. गेल्या पावसाळ्यात त्यातले अकरा गेले. तिथून मला या विषयात लक्ष घालावं लागलं.

सुरुवात एकाच नरापासून झाली. लांबच्या सरावाहून परत आला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा एक डोळा पाणावलेला दिसला. पापणी सुजलेली. डोळा सारखा खांद्याच्या पिसांवर घासायचा, त्यामुळं तिथली पिसं चिकट आणि मळकी झालेली. चोचीच्या मुळाशी होमरला खडूसारखा पांढरा फुगवटा असतो, तो राखाडी पडला. चार दिवसांनी शेजारच्या खणातली मादी तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. रात्री शांत झाल्यावर ढाबळीजवळ उभं राहिलं की घरघर ऐकू यायची. दहाव्या दिवशी आठ-नऊ पक्षी आजारी. पोरगा म्हणाला, "काका, दाणा खाईना गेलेत, नुसतं पाणी प्यायलेत."

मग आपल्याकडं जे होतं ते सगळं झालं. एक म्हणाला लसूण ठेचून द्या. दुसरा म्हणाला हळद-तूप. तिसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यातल्या माणसानं पाच औषधांची नावं एका दमात घेतली. शेवटी सगळे गेले मेडिकलवर. तिथलं बोलणं तुम्हाला पाठ असेल. "कबुतराचा डोळा आलाय, काय तर द्या की." "डोळ्याचा ड्रॉप देऊ का कॅप्सूल?" "दोन्ही द्या."

कॅप्सूल फोडायची, बादलीभर पाण्यात ढवळायची, सगळ्या पक्ष्यांपुढं ठेवायची. तीन दिवसांनी दोन-चार पाखरं तरतरीत दिसली की पाकीट बंद. आठवड्यानं पुन्हा घरघर. मग दुसरं, जास्त भारी औषध. आपल्या गावात कबुतराचा इलाज म्हणजे साधारण हा असतो. यात कुणा एकाला नावं ठेवायची नाहीत मला. दुसरी सोयच नाही म्हणून लोक असं करतात.

पण हा इलाज का चालत नाही, हे ओळखीतल्या एका पशुवैद्यक डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. ते जमेल तसं मांडतो.

कबुतराच्या डोळ्याखाली एक पोकळी असते, ती नाकाशी जोडलेली असते. त्यामुळं नाकात काही झालं की डोळा सुजतो. पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं फुगत-आकसत नाही. त्याच्या अंगभर हवेच्या पातळ पिशव्या असतात आणि त्या भात्यासारखं काम करतात. संसर्ग तिथं उतरला की बाहेरून फार काही दिसत नाही, पण पक्षी उडायला गेला की दम संपतो. सरावात मागं पडणारा, रस्त्यात कुठंतरी उतरून बसणारा, परत न आलेला होमर बऱ्याचदा रस्ता चुकलेला नसतो. त्याचा श्वास संपलेला असतो.

आता मुख्य अडचण. डोळा पाणावणं आणि घरघर ही लक्षणं झाली, रोगाचं नाव नव्हे. एकाच लक्षणामागं अर्धा डझन कारणं असतात.

एकच डोळा पाणावला आणि पक्षी बाकी ठणठणीत असेल तर कधी नुसती चोच लागलेली असते, कधी कोंडा गेलेला असतो. पण क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचा आजारही बऱ्याचदा एकाच डोळ्यापासून सुरू होतो. घरघर आणि चिकट शेंबूड मायकोप्लाझ्मानं होतो, नागिणीच्या जातीच्या विषाणूनंही होतो. घशात पिवळट, दह्यासारखा थर दिसला तर तो जिवाणूही नाही आणि विषाणूही नाही, एक सूक्ष्म परजीवी आहे. त्याचं औषध पार वेगळं. डोळ्याभोवती आणि चोचीजवळ खपल्या आल्या तर ती देवी. ती डासांमुळंही पसरते आणि विषाणूची असल्यानं अँटिबायोटिकला जुमानत नाही. मान मुरगळून पक्षी गोल गोल फिरायला लागला तर तो कोंबड्यांच्या मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, कबुतरातला भाऊबंद. त्यावर औषधच नाही, लस आधी द्यावी लागते.

आणि काही वेळा रोग नसतोच. नुसत्या ज्वारीवर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं, डोळे आणि नाकाची आतली त्वचा कमजोर होते. पिवळा मका, पालक, मेथी, शेवग्याचा पाला दिला तरी फरक पडतो. पावसाळ्यात ढाबळीत ओल धरली, विष्ठा कुजली की अमोनियाचा वास सुटतो. तुम्ही आत डोकं घातल्यावर तुमचे डोळे चुरचुरत असतील, तर जो पक्षी चोवीस तास तिथं बसतो त्याचं काय होत असेल?

आता सांगा, एवढ्या सगळ्यावर एक कॅप्सूल कशी चालणार?

बरं, कॅप्सूल बरोबर निवडली गेली असं धरू. डॉक्सीसायक्लिन हे औषध क्लॅमिडियावर खरंच चालतं. पण ते कॅल्शियमला चिकटून बसतं आणि मग पक्ष्याच्या पोटातून रक्तात नीट जात नाही. आपण काय करतो? बोअरच्या जड पाण्यात ते कालवतो आणि बाजूला शिंपल्याचा चुरा, चुन्याचे खडे तसेच ठेवतो. म्हणजे एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. शिवाय पाण्यात कालवलेलं औषध उन्हात ठेवलं की त्याचा जोर कमी होतो, ते रोज ताजं करावं लागतं. आजारी पक्षी पाणी किती पितो याचा भरवसा नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात निरोगी पक्षी दुप्पट पितो. म्हणजे ज्याला पाहिजे त्याला कमी आणि ज्याला नको त्याला जास्त. आणि हा आजार तीन दिवसांत जात नाही. इलाज काही आठवडे चालवावा लागतो. होमरचं वजन अर्धा किलोच्या आत-बाहेर, माणसाचं साठ. पण नुसता भागाकार करूनही डोस निघत नाही, कारण पक्ष्याचं शरीर औषध वेगळ्या वेगानं वापरतं. हे कागदावर मांडायला शिकलेला माणूस लागतो. म्हणून मी इथं एकाही औषधाचं प्रमाण लिहिणार नाही, कमेंटमध्येही विचारू नका.

डोळ्याच्या ड्रॉपची गोष्ट त्याहून अवघड. माणसाच्या काही ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं. सूज पटकन उतरते, पोरं खूश होतात. पण बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइडनं ती चिघळते आणि डोळा जातो. होमरचा डोळा गेला की त्याची शर्यत संपली. पुतण्याच्या शेजारच्या ढाबळीत असा एक नर आहे. घरातले पोरं त्याला अजून दाणा घालतात, पण तो आता छत्रीवर नुसता बसून असतो.

आता तुम्ही म्हणाल, ज्याची कबुतरं त्याचं नुकसान, आम्हाला काय? इथंच विषय सार्वजनिक होतो.

पहिलं कारण औषध. अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं आणि १९४५ मध्ये नोबेल घेताना त्यानंच इशारा दिला होता, की अर्धवट डोस दिला तर जंतू मरायच्या ऐवजी औषधाला सरावतात. आपल्या ढाबळीत दर पावसाळ्यात नेमकं तेच चालतं. अर्धा डोस, तीन दिवस, निरोग्यालाही आणि आजाऱ्यालाही. उरलेलं पाणी नालीत. तीच नाली पुढं कुठं जाते हे आपल्याला माहीत आहे. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, बघितली असेल. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं त्या रेघेची मोहीम काढली होती. अर्थ एवढाच, की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे घ्यायचं नाही. कबुतराच्या नावानं ती रेघ रोज ओलांडली जाते. उद्या तुमच्या लेकराला न्यूमोनिया झाल्यावर ते औषध लागू पडलं पाहिजे ना?

दुसरं कारण छाती. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. पोरगा कामावर जातो, म्हणून त्याची ढाबळ सकाळी त्याच झाडायच्या. कोरडा झाडू, नाकाला पदर नाही. दिवाळीपासून कोरडा खोकला. जिना चढल्या की दम. बेडका दोनदा तपासला, टीबी निघाला नाही. तीन-चार कोर्स झाले, खोकला तसाच. वजन उतरलं. शेवटी नांदेडला छातीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "घरात पक्षी आहेत का?" तोपर्यंत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि मावशींनीही आपणहून सांगितलं नव्हतं. कबुतरं आणि खोकला यांचा संबंध त्यांच्या डोक्यात येणार तरी कसा?

त्यांना झाला होता तो संसर्ग नव्हे. पिसांची भुकटी आणि सुकलेली विष्ठा वर्षानुवर्षं श्वासातून गेली की काही लोकांच्या फुप्फुसाला तिची ॲलर्जी होते. हळूहळू फुप्फुस कडक होत जातं. अँटिबायोटिकचा इथं काही उपयोग नाही, धुळीपासून लांब जाणं हाच पहिला इलाज. वेळेत कळलं तर बरंच वाचतं, उशीर झाला तर ऑक्सिजन लागतो. फुप्फुस कडक होण्याच्या आजारांची देशातल्या २७ केंद्रांवर एक नोंदवही ठेवली गेली होती. २०१७ मध्ये तिचे आकडे आले. १०८४ रुग्णांपैकी जवळजवळ ४७ टक्के लोकांना अशाच ॲलर्जीचा प्रकार होता. त्यात कूलरच्या बुरशीचा वाटा मोठा निघाला आणि पक्षी हेही एक कारण होतं. कूलर तर आपल्याकडं घरोघरी आहेत, तेही लक्षात ठेवा.

दुसरा प्रकार खरोखरचा संसर्ग. कबुतराच्या डोळ्यातला तोच क्लॅमिडिया सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसात येऊ शकतो. जोराचा ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, पुढं न्यूमोनिया. हा प्रकार रोज दिसत नाही आणि ओळखला तर औषधानं बराही होतो. पण ओळखायचा तर डॉक्टरला पक्ष्यांचं सांगावं लागतं.

मुंबईत २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखान्यांवरून केवढा गदारोळ झाला, ते आपण टीव्हीवर बघितलं. सरकारनं ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, ती लोकांनी फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एक बाजू जीवदयेची, दुसरी आरोग्याची. दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं. पण आपल्या गावात प्रश्न वेगळा आहे. इथं कबुतरं रस्त्यावरची नाहीत, घरातली आहेत. नाव, गल्ली, मालक सगळं माहीत आहे. म्हणजे बंदी न घालता, कुणाचं मन न दुखवता, हा प्रश्न सुटू शकतो. फक्त कुणीतरी त्याला प्रश्न मानलं पाहिजे.

तिसरं कारण भीती. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरमध्ये पन्नासच्या वर कावळे मरून पडले, तोही बर्ड फ्लूच निघाला. दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र जाहीर झाला. तेव्हापासून आपल्याकडं पक्षी मेला की मालक गप्प बसतो. "सांगितलं तर सगळेच मारून टाकतील" ही त्याची भीती. मेलेला पक्षी रात्री उकिरड्यावर जातो. कोंबडीच्या मानानं कबुतराला बर्ड फ्लू कमी होतो. पण चार दिवसांत दहा पाखरं पटापट मेली तर तो डोळ्याचा साधा आजार नसू शकतो, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. लपवल्यानं शेजारच्या परसातल्या कोंबड्यांचंही नुकसान होतं. लोकांनी सांगावं असं वाटत असेल तर सांगायला एक जागा पाहिजे, आणि तिथला माणूस दरडावणारा नसावा.

मग जागा कुठली? तालुक्याला जनावराचा दवाखाना आहे. तिथल्या लोकांवर मी टीका करत नाही. २०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा गोठ्या-गोठ्यात जाऊन लस देताना आपण त्यांना बघितलंय. गाय, म्हैस, बैल, शेळी, एवढ्यातच दिवस जातो. मनुष्यबळ कमी. १९६२ नंबरवर फोन केला तर फिरतं पथक येतं, पण तेही मोठ्या जनावरांत गुंतलेलं. अशात कुणी पिशवीतून कबुतर घेऊन गेला तर त्याला वाटतं आपल्याला हसतील. म्हणून जातच नाही. जात नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून औषध नाही, लस नाही. पण उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, देगलूरमार्गे सकाळी निघालेला माणूस दुपारी परत येतो. घशातला, डोळ्यातला कापसाचा बोळा किंवा मेलेला पक्षी बर्फात ठेवून नेला तर तपासणी होऊ शकते. तालुका आणि उदगीर यांच्यात नेहमीची वाट नाही, एवढंच अडलंय.

पुतण्याच्या पक्ष्यांचं पुढं काय झालं ते सांगतो. त्या डॉक्टरांनी आधी सगळी औषधं बंद करायला लावली. आजारी पक्षी दुसऱ्या घराच्या पडवीत हलवले. दोघांची भांडी वेगळी. आधी निरोग्यांचं काम, मग आजाऱ्यांचं, मग हात-पाय धुणं. ढाबळीचा मागचा पत्रा काढून तिथं जाळी लावली, वारा आरपार जाईल अशी. खालची ओली भुशी काढून चुना टाकला आणि दोन दिवस सुकू दिलं. छत्तीस पक्ष्यांच्या जागेत पंचवीसच राहिले होते, त्यामुळं गर्दीही आपोआप कमी झाली. डोळे सलाईननं धुतले. घसा बघितला तेव्हा चार पक्ष्यांना पिवळा थर निघाला, त्यांना त्याचं औषध. बाकीच्यांचे नमुने घेतले, मगच अँटिबायोटिक, तेही एकेकाच्या चोचीतून मोजून आणि सांगितलेल्या दिवसापर्यंत. महिन्याभरात घरघर थांबली. पुढचा सगळा हंगाम पक्षी सोडले नाहीत. पोरगा नाराज होता. पण जे पंचवीस राहिले ते राहिले.

यातलं निम्मं काम औषधाचं नव्हतं हे लक्षात घ्या. हवा, कोरडी जागा, वेगळं ठेवणं. याला पैसे लागत नाहीत.

तर माझ्या मागण्या लिहितो. पटतात का बघा.

एक, तालुक्याच्या जनावराच्या दवाखान्यात महिन्यातून एक ठरलेला दिवस पक्ष्यांचा असावा. कबुतर, परसातली कोंबडी, बदक, सगळं त्याच दिवशी. बाहेर पाटी लावा. त्या दिवशी घेतलेले नमुने एकत्र उदगीरला जावेत. याला नवी इमारत लागत नाही, एक थर्मासचा डबा आणि एक माणूस लागतो.

दोन, आजारी पक्षी आणणाऱ्याला गुन्हेगारासारखं वागवणार नाही, असं दवाखान्यानं जाहीर सांगावं. मोठी मर झाली तर काय होईल, हेही आधीच सांगावं. अफवा बसतील.

तीन, सरकारी दवाखान्यात आणि खासगीतही, दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या माणसाला टीबीची तपासणी तर कराच, सोबत एक प्रश्न विचारा. घरात पक्षी आहेत का? एवढ्यानं मावशींचे काही महिने वाचले असते.

चार, मेडिकलवाल्या भावांना हात जोडून विनंती. कबुतराच्या नावानं लाल रेघेची औषधं चिठ्ठीशिवाय देऊ नका. तुम्ही नाही म्हणालात तर लोक दवाखान्याची वाट धरतील.

आणि पाचवी गोष्ट आपल्या कबुतरवाल्यांना. नवा पक्षी आणला की महिनाभर वेगळा ठेवा, कितीही भारी जातीचा असला तरी. शर्यतीच्या टोपलीत दहा घरचे पक्षी एकत्र येतात, त्यामुळं परतल्यावर आठ-दहा दिवस डोळा आणि नाक रोज बघा. पाणावलेल्या डोळ्याचा पक्षी टोपलीत घालू नका. एकमेकांचं नाव सांभाळायला आजार लपवू नका. ढाबळ कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडा, नाकाला मास्क लावा, करोनातले अजून घरात पडले असतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना ते काम लावू नका. ढाबळीखाली खाट टाकून झोपू नका.

हे सगळं अर्ज करून पंचायत समितीत देणार आहे. पुढच्या सोमवारी अकरा वाजता. ज्यांच्याकडं पक्षी आहेत त्यांनी यावं, ज्यांच्याकडं नाहीत पण शेजारी आहेत त्यांनीही यावं. कुंडलवाडी, सगरोळी, धर्माबाद, देगलूरच्या मंडळींनी आपापल्याकडं असाच अर्ज द्यावा, मजकूर पाहिजे तर मागा, पाठवतो.

आणि तुमच्या ढाबळीत या पावसाळ्यात काय झालं, किती पक्षी गेले, कुणाला खोकला आहे का, ते खाली लिहा. अर्जाला आकडे जोडायचे आहेत. नाव नको असेल तर मेसेज करा, नाव येणार नाही.